वकीलसाहेबांची अ‍ॅम्बेसेडर कोण खोलणार?

घरात जुनी गाडी असली की पेट्रोल संपतं, बॅटरी उतरते, नवऱ्याचा संयम संपतो, पण किस्से काही संपत नाहीत! नवी गाडी घेतलेला माणूस बिचारा काय सांगणार? सकाळी निघालो, दुपारी पोचलो. झालं. आमच्यातला कोणी सकाळी निघाला, की वाटेत तिघांना त्याचे फोन येतात, एखादा दोरी घेऊन धावत जातो आणि संध्याकाळपर्यंत त्या प्रवासाची अख्खी कथा तयार असते. दुसऱ्या दिवशी तीच कथा थोडी लांबलेली असते.

मी वंदना. अमरावतीत माझं शिलाई मशीनचं दुकान आहे. मशीन विकते कमी, दुरुस्त करते जास्त. बाबा गेले तेव्हा त्यांची पांढरी अ‍ॅम्बेसेडर माझ्याकडे आली आणि गाडीच्या मागोमाग आईही आली. बाबा वकील होते. सगळं कोर्ट त्यांना वकीलसाहेब म्हणायचं आणि घरात आईसुद्धा वकीलसाहेबच म्हणायची.

अमरावती आणि अकोल्याचे आम्ही काही जुन्या गाड्यांचे वेडे दर रविवारी सकाळी मूर्तिजापूरला एका हॉटेलवर जमतो. मूर्तिजापूरच का? तर दोन्हीकडून साधारण अर्धं अंतर. कोणाचीही गाडी बंद पडली तरी तिला अर्ध्याच वाटेवरून ओढत न्यावं लागतं, असा साधा सोयीचा विचार!

तर अशाच एका रविवारी मी विषय काढला. गाडी निळा धूर सोडत होती. पेट्रोल पिते की ऑइल, तेच कळेना. चढावर तर पायी चालणारा माणूस पुढे जायचा आणि वर नमस्कारही करायचा.

गफ्फारभाईंचं अकोल्यात गॅरेज आहे. त्यांनी बोनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. म्हणाले, "ताई, इंजन खतम. निकाल के डिझेल का डाल देते. मख्खन चलेगी!"

अंजनगाव सुर्जीचे अरुणभाऊ, केळीवाले शेतकरी, त्यांची जीप आहे. ते म्हणाले, "ताई, इकून टाका अन् मोकळ्या व्हा."

अकोल्याचे आमचे डॉक्टर, दातांचे, त्यांची जुनी पद्मिनी गाडी आहे. ते फार सभ्य. ते म्हणाले, "एखाद्या मोठ्या गॅरेजला द्या. महाग पडेल, पण झोप लागेल."

मी म्हटलं, "आणि मी स्वतःच खोललं तर?"

अरुणभाऊंनी हातातली कचोरी खाली ठेवली. अरुणभाऊ कचोरी खाली ठेवतात म्हणजे मामला गंभीर!

"ताई," ते म्हणाले, "ते शिलाई मशीन नोय!"

*

आता मला एवढी घाई का होती, ते सांगते.

बाळापूर हे आईचं माहेर. तिथे तिची मोठी बहीण राहते, आमची मावशी. मावशीला आता दिसत नाहीसंच झालंय, घराबाहेर पडत नाही. बाबा गेले तेव्हाही तिला येता आलं नव्हतं. आईही ऐंशीच्या पुढे. दोघींचं रोज फोनवर बोलणं. बोलणं कसलं, भांडणच! "तू ये." "तूच ये." "मले दिसत नाही." "मले चालवत नाही." मग दोघी फोन ठेवतात आणि इकडे आई दिवसभर गप्प बसून राहते.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या जावयाची एसी गाडी उभी आहे दारात. चल, दुपारपर्यंत पोचवते."

"जावयाच्या गाडीत मी पाहुणी," आई म्हणाली. "माहेरी जायचं तं आपल्या गाडीनं जायचं. वकीलसाहेबांनं मले नेहमी आपल्याच गाडीनं नेलं."

"पण ती गाडी बाळापूरपर्यंत चालत नाही ना, आई!"

"मंग चालव. मशिनी दुरुस्त करतं नं तू?"

झालं! एका वाक्यात सगळा भार माझ्या डोक्यावर. आणि गाडीत दुसरं इंजिन टाकायचा विषय काढला, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. खोलून बिघडलं तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर आईचं बाळापूर गेलं. आणि दोघींची वयं बघता थांबायलाही वेळ नव्हता. एवढीच गोष्ट होती, पण मला ती फार मोठी वाटत होती.

*

मला घाबरवायचा पहिला मान डॉक्टरांनी घेतला.

त्यांच्या पद्मिनीच्या इंजिनला बाजूला एक पत्र्याची गोल चकती असते. आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ती गंजली आणि पाणी टपकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी गफ्फारभाईंना काय बोलवायचं? एवढंसं भोक! असली भोकं तर मी दिवसभर बुजवतो!

आणि खरंच बुजवलं हो! दवाखान्यातून दात भरायचं सिमेंट आणलं. आधी भोक ब्रशने साफ केलं, फुंकर मारून वाळवलं, सिमेंट भरलं, वरून घासून गुळगुळीत केलं. त्यांच्या बायकोने विचारलं, "आता गाडीला दोन तास काही खायला द्यायचं नाही का?"

फिलिंग एकदम मस्त टिकलं. अकोल्याबाहेरच्या बोरगाव मंजूपर्यंत! तिथे भर रस्त्यात फट्ट आवाज झाला आणि बोनेटखालून वाफेचा असा लोट उठला की मागचा ट्रकवाला गाडी थांबवून खाली उतरला.

गफ्फारभाई आले. वाकून पाहिलं, चकतीच्या जागी पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं, ते नखाने खरवडलं, वास घेतला. मग डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाब, फिलिंग से नही होगा. दाढ निकालनी पडेगी."

*

अरुणभाऊंचा किस्सा ऐकून तर मी हसू की रडू, असं झालं होतं.

त्यांनी जीपचं इंजिन स्वतः बांधलं होतं. चांगलं बांधलं होतं, खोटं कशाला बोलू? पण नवीन बांधलेल्या इंजिनला सुरुवातीला हळूहळू चालवावं लागतं. रोज थोडं, जोर न देता. आता अरुणभाऊंना केळीच्या बागेतून वेळ कुठला? त्यात लाइट गेलेली, विहिरीवरची मोटर बंद, केळीला पाणी नाही.

मग त्यांनी डोकं लावलं. जीप विहिरीवर नेली. मागून जॅकवर उचलली. मागच्या चाकाला पट्टा लावला आणि तो पट्टा थेट पंपाला! "रनिंग बी होते अन् ओलित बी होते," ते आम्हाला छाती फुगवून सांगत होते.

जीप दिवसभर जागच्या जागी फिरायची आणि केळीला पाणी मिळायचं. मीटरवर किलोमीटर पडत होते. गावात बातमी पसरली. लाइट गेली की शेजारचा शेतकरी दारात हजर. "अरुणभाऊ, जीप देता का जरा? कुठं जायचं नाही, ओलित करायचं हाये." या घरून त्या घरी जीप जॅकसकट जायला लागली.

एके दिवशी अरुणभाऊंनी बायकोला हाक मारून मीटर दाखवलं. "पाह्य, मुंबईले जाऊन परत आली असती एवढी चालली गाडी, अन् जागची हालली नाही!"

वहिनींनी मीटर पाहिलं, जीप पाहिली, मग यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "मालकावरच गेली."

*

गफ्फारभाईंना वाटतं की ते या सगळ्यांपेक्षा वेगळे आहेत. म्हणून त्यांचाही एक सांगते. हा डॉक्टरांनी सांगितला, गफ्फारभाई समोर बसलेले असताना, आणि ते अर्ध्यातूनच चहा सांगायला उठून गेले!

गफ्फारभाई फोनवरून इंजिन तपासतात. "आवाज सुनाओ" म्हणतात. तुम्ही फोन बोनेटपाशी धरायचा, ते तिकडे डोळे मिटून ऐकणार आणि निकाल देणार. त्यांचा कान पक्का आहे यात वादच नाही.

डॉक्टरांच्या पद्मिनीत थोडी टिकटिक यायला लागली. त्यांनी घराच्या पोर्चमध्ये गाडी चालू केली, फोन लावला, स्पीकर ऑन केला. तिकडून गफ्फारभाई म्हणाले, "या अल्ला! चेन गई, डॉक्टरसाब! टाइमिंग की चेन पूरी घिस गई. खोलो, अभी के अभी खोलो!"

डॉक्टर घाबरले. त्यांनी दिवसभर खपून इंजिनचा पुढचा भाग खोलला. चेन बघतात तर कडक, नवी असल्यासारखी! पुन्हा सगळं जोडलं. दुसऱ्या दिवशी गाडी चालू करून फोन केला. "गफ्फारभाई, चेन तर चांगली आहे हो."

"खाक चांगली! अभी भी वैसीच आवाज आ रही है. तुमने ठीक से बिठाई नही!"

तेवढ्यात पोर्चच्या खिडकीतून डॉक्टरांची बायको म्हणाली, "अहो, जरा थांबा! मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी राहिली आहे, तेवढी झाली की बंद करते!"

*

हे सगळे किस्से मी घरी येऊन आईला सांगितले. मला वाटलं होतं, ऐकून तीच म्हणेल की राहू दे बाई, नको तो उद्योग. मनातून मलाही कोणीतरी तसं म्हणावं असं वाटत होतं, खरं सांगते.

आई सुपात गहू निवडत होती. डॉक्टरांचं सिमेंट ऐकून हसली. केळीचं ओलित ऐकून पदर डोळ्यांना लावला एवढी हसली. मिक्सरचं ऐकून तर म्हणाली, "काय माणसं हायेत व माय!"

मग सूप खाली ठेवून म्हणाली, "डॉक्टरनं इंजनात दात भरला. चालते नं त्याची गाडी?"

"चालते."

"त्या अंजनगाववाल्याची?"

"चालते. परवाच घेऊन आले होते."

"सारे चुकले अन् साऱ्यायच्या गाड्या रविवारी तुह्या हाटेलावर येऊन राहिल्या. मंग तू काहून भेऊन राहिली?"

आमच्या बाबांनी इतकी वर्षं वकिली केली, पण असा मुद्दा त्यांनीही कधी मांडला नसेल! त्याच आठवड्यात मी इंजिन बाहेर काढलं. गफ्फारभाईंनी चेनपुली आणली. दिवसभर "मेरी सुनती नही, मेरी सुनती नही" म्हणत होते आणि स्वतःच ओढत होते.

*

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. जिथली वस्तू तिथे, हा यांचा धर्म. घरात चमच्यांनासुद्धा यांनी रांगेत उभं केलंय.

इंजिन खोललं की त्यातले व्हॉल्व्ह काढल्या क्रमाने ठेवायचे असतात. प्रत्येकाची आपली बैठक ठरलेली, आपापल्या जागी घासून घासून बसलेली. माझ्यासाठी हे नवीन नव्हतं. जुन्या मशीनचे भागही मी असेच ठेवते. मी गच्चीवर जुनी चादर अंथरली, एका बाजूला शेजारणीच्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला माझे व्हॉल्व्ह. क्रमाने, सरळ ओळीत. आणि दुकानात गेले.

संध्याकाळी आले तर हे दारातच, चेहऱ्यावर असा आनंद की मला धडकी भरली! आमच्या लग्नानंतर हा माणूस असा खुशीत दिसला की घरात काहीतरी फुटलेलं असतं.

"चल, गच्चीवर एक गंमत दाखवतो."

वर जाऊन बघते तर काय! सगळे व्हॉल्व्ह भांड्याच्या साबणाने लख्ख घासलेले. मोठे एकीकडे, छोटे एकीकडे. मध्ये एवढंसं अंतर सोडून, मापात.

"आधी कसे मिसळून पडले होते," हे म्हणाले. "आता बघ, कसं शाळेच्या फोटोसारखं दिसतं!"

मी मटकन खालीच बसले. हे म्हणाले, "आभार वगैरे मानायची गरज नाही."

आता कोणता व्हॉल्व्ह कुठला, ते देवालाही सांगता आलं नसतं. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह नव्या जागी बसवून, पेस्ट लावून, हाताने पुन्हा घासणं आलं. त्याला एक काठी असते, तिच्या टोकाला रबराची वाटी. ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन्ही तळहातांत धरून फिरवायची. मी एक केला आणि माझे खांदे भरून आले.

आई बघत होती. म्हणाली, "आण इकडे. तुले रवी तरी धरता येते का?" पाटावर बसली, काठी हातांत धरली आणि ताक घुसळावं तशी फिरवायला लागली. एका लयीत, न थांबता. मध्येच थांबून बोटाने चाचपायची. "झालं हे. दुसरं दे."

रविवारी घरी येऊन गफ्फारभाईंनी व्हॉल्व्हवर रॉकेल ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. "किसने बनाया?" त्यांनी विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं. गफ्फारभाई तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "अम्मा, गॅरेज में आओगे क्या? चाय-नाश्ता अपना!"

*

पिस्टन जोडायचं काम अरुणभाऊंच्या शेतात ठरलं. कारण एकच, रोडगे! शेतात मंडळी जमली आणि रोडगे नाहीत, असं आमच्या वऱ्हाडात होत नाही. गोवऱ्यांचा मोठा विस्तव, त्यात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. इंजिन झालं नाही तरी चालेल, रोडगे बिघडायला नकोत, अशी अरुणभाऊंची भूमिका.

पिस्टनची पिन बसवायला पिस्टन जरा गरम असावा लागतो. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात उकळू." अरुणभाऊ म्हणाले, "एवढी राख गरम पडली हाये अन् तुमी पाणी तापवता?" मला पटलं. मी चारही पिस्टन चांदीच्या कागदात गुंडाळून राखेच्या कडेला ठेवले, जिथे नुसती ऊब होती.

आता आमच्या डॉक्टरांना राख लागलेला रोडगा चालत नाही. अकोल्याचे असले तरी दातांचे डॉक्टर! म्हणून त्यांनीही आपले दोन रोडगे चांदीच्या कागदात गुंडाळले आणि त्याच कडेला ठेवले. पिस्टन आणि रोडगा आकाराने साधारण सारखेच. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पंगत बसली. वहिनींनी डॉक्टरांच्या पत्रावळीवर एक गरम पुडकं ठेवलं. ठक्क असा आवाज आला. वहिनी शरमल्या. म्हणाल्या, "जरा कडक झाला वाटते." डॉक्टर इतके सभ्य, की ते म्हणाले, "नाही नाही वहिनी, मला कडकच आवडतो."

तिकडे मी पान्हा, पिन घेऊन बसलेली. पुडकं सोडलं आणि माझ्या हातात आला एक खमंग, खरपूस रोडगा!

मी ओरडले, "डॉक्टर, खाऊ नका!"

अरुणभाऊंनी डॉक्टरांच्या पत्रावळीकडे पाहिलं. कागद अर्धा उघडलेला, आत चकचकीत पिस्टन आणि डॉक्टरांनी त्यावर तुपाची धार सोडलेली! अरुणभाऊ म्हणाले, "खाऊ द्या नं ताई! दात पडले तं घरचंच काम हाये!"

*

गाडी चालू करायच्या दिवशी सगळे आमच्या दारात. नारळ आणला होता. दोरी आणली होती. गफ्फारभाईंनी तर जास्तीची बॅटरी, प्लग, सगळं आणलं होतं, कारण पहिल्यांदा ती सुरू होणारच नाही हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मी किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू!

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. "काहीतरी चुकलं," अरुणभाऊ म्हणाले. गफ्फारभाईंनी सगळीकडे कान लावला, धूर पाहिला, ऑइल पाहिलं. काही सापडेना. धूर नाही, गळती नाही, खडखड नाही. बोनेटवर रुपया उभा राहील इतकी गाडी शांत. मग कुठे नारळ फुटला. माझे तर पाय जमिनीवर नव्हते हो! मी आत धावत गेले. "आई, चल! आपली गाडी झाली!"

आई ठेवणीतलं लुगडं नेसून तयारच होती. बाहेर आली. पायरीवर थांबली. गाडीभोवती फिरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोणाची आणली?"

"कोणाची म्हणजे? आपलीच आहे! बाबांची!"

"रंग तोच हाये," आई म्हणाली. "पण हे आपली नोय. याच्यात काहीच वाजत नाही. मी नाही बसत." आणि सरळ आत निघून गेली.

मी हातातला पान्हा आपटला! मला रडूच कोसळलं. इतके दिवस रात्रंदिवस जीव काढला, आणि ही बाई म्हणते काहीच वाजत नाही! गफ्फारभाई पायरीवर बसले. "उमर गई इस काम में," ते म्हणाले, "पहली बार किसीने पूछा के गाडी अच्छी काहे को बनाई!"

शेवटी डॉक्टर आत गेले. पेशंटशी बोलतात तसं हळू विचारलं, "आई, कसा यायचा आवाज? जरा सांगता का?"

आईने तोंडाने करून दाखवलं. "टक, टक... टक. अन् चढ आला का टकाटक टकाटक. कोर्टाच्या कोपऱ्यावरून वकीलसाहेब येत तं मले घरात समजे."

गफ्फारभाई दारात उभं राहून डोळे मिटून ऐकत होते. घरात मिक्सर बंद होता, हे मी आधीच बघून घेतलं होतं. त्यांनी डोळे उघडले. "टॅपेट है. ढीला टॅपेट."

आणि मग जगात कुठल्याही गॅरेजमध्ये झालं नसेल ते काम आमच्या दारात सुरू झालं. शहाणीसुरती माणसं, नुकतं नीट केलेलं इंजिन बिघडवायला बसली! आईला खुर्ची आणून दिली. मी वरचं झाकण काढलं, व्हॉल्व्ह दाबणारा एक टॅपेट थोडा सैल केला, गाडी चालू केली.

"हे नाही. हे तं सायकलीची चेन वाजून राहिली."

दुसरा सैल केला.

"जवळ आलं. थोडं अजून."

"अम्मा, और ढीला किया तो खराब होगी!"

"तुमी करा हो, भाऊ. वकीलसाहेबांनं कधी इचारलं नाही खराब होईन का म्हणून."

अजून थोडा सैल केला. टक, टक... टक. आई खुर्चीवरून उठली. "हां! आता आली गाडी." आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

*

बाळापूरला आम्ही वरातीसारखे गेलो. पुढे मी आणि आई, मागच्या सीटवर आमचे हे, त्यांच्यामागे डॉक्टरांची पद्मिनी, तिच्यामागे अरुणभाऊंची जीप. गफ्फारभाई डॉक्टरांच्या गाडीत बसले होते. त्या टकटकीची लाज वाटते म्हणून त्यांना माझ्या गाडीत बसवेना. मूर्तिजापूरला चहा झाला, अकोला मागे पडलं. वाटेत जो तो काच खाली करून सांगायचा, "ताई, गाडीतून आवाज येऊन राहिला!" आई आतूनच हात हलवून म्हणायची, "माहीत हाये, माहीत हाये!"

मावशीच्या गल्लीत शिरलो. गल्लीला थोडा चढ आहे. गाडी टकाटक टकाटक वाजायला लागली. पोरंसोरं बाजूला झाली.

मावशी ओट्यावर बसली होती. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आमची गाडी दारात पोचायच्या आधीच ती काठी टेकवून उठून उभी राहिली होती. तिची सून धरायला धावली, तर तिचा हात झटकून टाकला.

मी गाडी उभी केली. मागच्या दोन्ही गाड्या येऊन थांबल्या, डॉक्टर, अरुणभाऊ, गफ्फारभाई सगळे उतरले. आई दार उघडून पदर सावरत खाली उतरली.

मावशी आवाजाकडे कान देऊन उभी होती. म्हणाली, "काय व, वकीलसाहेबांनं अजून ते टकटक दुरुस्त नाही केलं का?"

"कुठं व बाई," आई म्हणाली. "म्हणतात, येत्या रविवारी खोलतो."

"असंच म्हणत राहतात ते," मावशी म्हणाली. तिने हात पुढे करून आईचा हात शोधला, धरला, आणि दोघी एकमेकींना सांभाळत घरात गेल्या.

गफ्फारभाईंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मी अजून गाडी बंद केली नव्हती.